तुझ्या गावची टीम कुठली?

बिल्बाओला मी फुटबॉलसाठी गेलो नव्हतो. खरं तर मला तिथे जायचंच नव्हतं. बायको आर्किटेक्ट, तिला गुगेनहाइम संग्रहालय बघायचं होतं. लग्नाआधीपासून बघायचं होतं म्हणे. मग काय, दिवाळीच्या सुट्टीतल्या स्पेनच्या प्रवासात दोन दिवस तिकडे गेले. माद्रिदचे तीन दिवस पोटऱ्या चोळण्यात संपले, बार्सिलोनाचे तीन खिसा सांभाळण्यात. तरी पाकीट गेलंच. त्या दोन्ही शहरांवर लोकांनी इतकं लिहिलंय की मी आणखी भर घालत नाही.

बार्सिलोनात मी एक गोष्ट मात्र केली. चव्वेचाळिसाव्या वर्षी बार्साची, म्हणजे तिथल्या बार्सिलोना फुटबॉल क्लबची, अस्सल जर्सी घेतली. किंमत इथे लिहीत नाही, बायको हा ब्लॉग वाचते. आणि तीच जर्सी घालून मी बिल्बाओत उतरलो. पंढरपूरच्या वाटेवर मटणाचा डबा उघडावा, तसला प्रकार. पण तेव्हा कळलं नव्हतं.

बस थेट सान मामेस स्टेडियमच्या शेजारी, जमिनीखालच्या स्थानकात थांबते. वर आलो तर पाऊस. पाऊस म्हणावा असा नाही, नाही म्हणावा असाही नाही. छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर दहा मिनिटांत आतपर्यंत भिजतो. मुक्कामाच्या ठिकाणी काउंटरवरच्या बाईंनी आमच्याकडे बघून हसत सांगितलं, याला इथे 'सिरीमिरी' म्हणतात. लेक फस्सकन हसली. "बाबा, इथे पण चिरीमिरी द्यावी लागते?" पुढचे दोन दिवस आभाळाने ती आमच्याकडून रोज वसूल केली.

गुगेनहाइमबद्दल माझं मत विचारू नका. बायको तीन तास आत होती. मी आणि लेक बाहेर, फुलांनी मढवलेल्या कुत्र्याच्या अवाढव्य पुतळ्यासमोर बसून चिप्स खात होतो. मग ती आणखी तासभर मागणार हे लक्षात आल्यावर आम्ही दोघं नदीकाठाने चालत निघालो.

नदीलगत एक हिरवळ आहे. या जागेला 'कांपा दे लोस इंग्लेसेस' म्हणायचे, म्हणजे इंग्रजांचं माळरान. तिथली एक पाटी वाचायला आम्ही थांबलो. एकोणिसाव्या शतकात बिल्बाओच्या डोंगरांतलं लोखंडाचं खनिज जहाजं भरभरून इंग्लंडला जायचं आणि तिकडून कोळसा यायचा. त्या जहाजांवरचे खलाशी आणि इथे कामाला आलेले इंग्रज कारागीर वेळ मिळाला की या माळावर चेंडू लाथाडायचे. काठावर उभं राहून बघणाऱ्या बास्क, म्हणजे उत्तर स्पेनमधल्या या मुलखातल्या, पोरांना तो नाद लागला. त्यातली काही श्रीमंताघरची पोरं इंग्लंडात शिकून आली होती, ती खेळ सोबतच घेऊन आली. १८९८ हे बिल्बाओच्या फुटबॉल क्लबचं जन्मसाल. म्हणून तर नावसुद्धा इंग्रजी, ॲथलेटिक क्लब. नुसतं ॲथलेटिक. 'ॲथलेटिक बिल्बाओ' आपण म्हणायचं, तिथे कुणी म्हणत नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत परकी नावं बंद झाली, तेव्हा १९४१ साली जबरदस्तीने 'आत्लेतिको' करायला लावलं. मूळ नाव परत मिळायला १९७२ उजाडलं.

जर्सीची गोष्ट तर आणखी गमतीची. आधी निळी-पांढरी होती. १९०९ मध्ये हुआन एलोर्दुई नावाचा क्लबचा माणूस नवे शर्ट आणायला इंग्लंडात गेला. हव्या त्या रंगाचे मिळेनात, बोट सुटायची वेळ झाली, आणि त्याने साउदम्प्टन बंदरात तिथल्या स्थानिक क्लबचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे पन्नास शर्ट उचलले. घरच्यांनी निळी साडी आणायला सांगावी आणि आपण बस चुकेल म्हणून समोर दिसेल ती लाल घेऊन यावं, तसं. फक्त इथे ती लाल साडी शंभराहून जास्त वर्षं नेसली जातेय.

तर असं चालत चालत आम्ही सागरी संग्रहालयापाशी आलो. उंच लाल क्रेन लांबूनच दिसते, तिचं नाव कारोला. इथे एउस्काल्दुना नावाचा जहाजबांधणीचा कारखाना होता, त्यातली ही एवढीच क्रेन राहिली. खाली जुन्या कोरड्या गोद्या आहेत, तिथे बोटी मांडून ठेवल्यात. त्यातल्या एका बोटीसमोर माणसं फोटो काढत होती. बोट कसली, माल वाहायचा लोखंडी पडावच तो. ना शीड, ना डौल.

तिथे बास्क टोपी घातलेले एक आजोबा उभे होते. पासष्टीच्या पुढचे, सोबत कॉलेजच्या वयाची नात. आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मग जर्सीकडे. मग बोट माझ्या छातीवर दोनदा टेकवून एकच वाक्य म्हणाले. नात लाजली, पण तिने इंग्रजीत सांगितलं. "आजोबा म्हणतात, बारा-एक."

८ फेब्रुवारी १९३१. ॲथलेटिकने बार्सिलोनाला १२–१ असं धुतलं होतं. बाता नावाच्या पठ्ठ्याने एकट्याने सात गोल केले. बार्साच्या इतिहासातली ही आजतागायतची सगळ्यात मोठी हार. मी पंधरा वर्षं बार्साचा 'कट्टर' फॅन, पहाटे अडीचला उठून मॅच बघणारा. आणि हे मला ठाऊक नव्हतं. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. आजोबा खूश झाले आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. पुढचा तासभर नात बिचारी दुभाषी.

तो पडाव म्हणजे 'गाबारा'. ॲथलेटिकने १९८३ मध्ये स्पेनची लीग जिंकली, तेव्हा खेळाडूंना बसमधून न मिरवता या पडावावर चढवून नदीतून शहरात आणलं. १९८४ मध्ये लीग आणि स्पेनचा बाद फेरीचा कप दोन्ही जिंकले, पुन्हा गाबारा निघाली. दोन्ही काठांवर माणूस मावेना. आजोबा तेव्हा याच कारखान्यात कामाला होते, पंचविशीतले. धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन पुढच्या वळणावर उभे होते म्हणे. हाताने वळण दाखवलं.

"आणि त्याच वर्षाच्या शेवटी इथे पोलीस घुसले," ते म्हणाले. कारखाना बंद करायचं ठरलं होतं, कामगार लढत होते. १९८८ मध्ये तो कायमचा बंद झाला. भाऊ माद्रिदला गेला पोट भरायला. आणि ॲथलेटिक? १९८४ नंतर एक मोठी ट्रॉफी नाही. पाच नाही, दहा नाही, चाळीस वर्षं. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर दोन आठवड्यांत कपच्या दोन फायनल हरले, आधी शेजारच्या रेआल सोसिएदादकडून, मग बार्साकडून. हे सांगताना त्यांनी पुन्हा माझ्या जॅकेटकडे बघितलं.

मग ६ एप्रिल २०२४. सेव्हियात मायोर्काविरुद्ध १–१, आणि पेनल्टीवर कप. ११ तारखेला गाबारा पाण्यात उतरली. भाऊ माद्रिदहून आला. दोघं म्हातारे त्याच वळणावर जाऊन उभे राहिले. मी विचारलं, भावाला या वेळी पण खांद्यावर घेतलं का? आजोबा गुडघ्यावर थाप मारून काहीतरी म्हणाले. नातीने भाषांतर केलं नाही, पण आम्हाला कळलं.

इथवर मी आपला छान गोष्ट ऐकणारा पाहुणा होतो. मग त्यांनी विचारलं, "तुझी टीम कुठली?"

मी जॅकेटकडे बोट केलं. त्यांनी हात झटकला. "ती नाही. तुझ्या गावची."

या क्लबमध्ये फक्त बास्क खेळाडू खेळतात, तिथे जन्मलेले किंवा तिथल्या मैदानांवर घडलेले. १९११ मध्ये कपच्या स्पर्धेत इंग्रज खेळाडूंना उतरवण्यावरून मोठा वाद झाला, त्यानंतर त्यांनी बाहेरचे घेणंच सोडलं. असा लेखी नियम कुठे नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. आणि एवढं करून हा क्लब पहिल्या विभागातून एकदाही खाली गेलेला नाही. असे स्पेनमध्ये तीनच, उरलेले दोन म्हणजे रेआल माद्रिद आणि बार्सा. यांचा खेळाडू इन्याकी विल्यम्स, त्याचे आईबाप घानामधून सहारा पायी तुडवून आले, तो बिल्बाओत जन्मला, म्हणून तो यांचा. अगदी घरचा. आता हे सगळं फार सोवळं आहे असंही नाही. शेजारच्या क्लबांनी घडवलेली पोरं हे पैसे टाकून उचलतात, आणि शेजारी बोटं मोडतात. २०१८ मध्ये आपला खेळाडू लापोर्त मँचेस्टर सिटीला विकून आलेल्या पैशांतून सोसिएदादचा इन्यिगो मार्तिनेस ३२ मिलियन युरोंना आणला. तरीपण. ज्या माणसाने आयुष्यभर असा क्लब बघितला, त्याला माझ्या छातीवरचं दुसऱ्या गावचं नाव चमत्कारिक वाटणारच.

मी म्हणालो, माझं गाव कोल्हापूर. आणि मग का कुणास ठाऊक, सुटलोच. सांगितलं, भारत म्हटलं की क्रिकेट हे खरं, पण आमच्या गावात पेठापेठांचा फुटबॉल चालतो. क्लब नसतात, तालमी असतात. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, लाल माती, तिथलीच मंडळी पुढे चेंडूमागे लागली. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ अशी मॅच असली की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. वडील सायकलच्या नळीवर बसवून न्यायचे. हरलो की ते घरी येऊन जेवायचे नाहीत आणि आई मुद्दाम तांबडा रस्सा करायची.

कुस्तीचं ऐकून आजोबा खुलले. त्यांच्याकडे खेड्यापाड्यांत दगड उचलायच्या शर्यती असतात, शे-दोनशे किलोंचे दगड. म्हणाले, मग तुम्ही आमचेच. पोरं गल्लीतलीच खेळतात ना?

"खेळायची," मी म्हणालो. "आता बाहेरून पण आणतात. नायजेरियातून वगैरे."

ते मान हलवून म्हणाले, "सगळेच आणतात. वेडे आम्हीच." वाईट वाटल्यासारखं नाही, टोमणाही नाही. आणि लगेच पुढचा प्रश्न. "शेवटची मॅच कधी बघितलीस?"

मी हिशेब करायला लागलो. पुण्याला आलो २००६ मध्ये. वडील गेले २००९ मध्ये. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात एकदा त्यांना घेऊन गेलो होतो बहुतेक. मॅच कुणाशी होती? जिंकलो का? काही आठवेना. मेस्सीचे गोल मिनिटासकट सांगता येतात, आणि हे नाही. नात माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती, तिला भाषांतर करायचं होतं ना. शेवटी लेकीनेच उत्तर दिलं, "ही हॅज नेव्हर टेकन मी." नातीने तेवढंच आजोबांना सांगितलं.

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, माझा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाले, आता स्टेडियम बघून या, बंद होईल.

गेलो. बायको भिजत येऊन मिळाली. नवं सान मामेस २०१३ मधलं आहे, जुनं १९१३ पासून शंभर वर्षं त्याच्या शेजारीच होतं. लोक त्याला कॅथेड्रल म्हणतात. सान मामेस हा संत, त्याला सिंहांपुढे टाकलं तर सिंहांनी खाल्लाच नाही अशी कथा आहे, म्हणून खेळाडूंना सिंह म्हणायचं. संग्रहालयात १९०२ चा एक कप ठेवलाय. ॲथलेटिक आणि शहरातला दुसरा एक क्लब यांच्या एकत्र संघाने तो जिंकला. फेडरेशन तो मोजत नाही, हे मोजतात. असले वाद मला फार जवळचे वाटतात.

आणि तिथे पिचिचीचा अर्धपुतळा आहे. राफाएल मोरेनो अरांसादी. १९१३ मध्ये जुन्या सान मामेसवरचा पहिला गोल याचा, १९२२ मध्ये टायफसने गेला, तेव्हा तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. स्पेनमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला 'पिचिची' ट्रॉफी मिळते ती याच्याच नावाची. मेस्सीने ती आठ वेळा घेतली हे मी झोपेत सांगेन. पिचिची हा माणूस होता हे मला त्या दिवशी कळलं. समोरच्या संघाचा कप्तान सान मामेसवर पहिल्यांदा खेळायला आला की या पुतळ्यापुढे फुलं ठेवतो. मी जर्सीवाला, माझ्याकडे फुलं नव्हती. लेकीने गुगेनहाइमच्या कुत्र्याखाली पडलेलं एक फूल खिशात ठेवलं होतं, चेंगरून गेलेलं. ते तिने ठेवलं. पहारेकऱ्याने बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

दुकानात तिने लाल-पांढरा मफलर मागितला. घेतला. बार्साच्या जर्सीच्या मानाने चिरीमिरीच.

दुसऱ्या दिवशी दिवसभर पाऊस आणि पिंत्सोस. पाव, मासळी, वर टोचलेली काडी, आणि बिल बघून बायकोची वर गेलेली भुवई. परतीच्या बसमध्ये दोघी झोपल्या. मी कोल्हापूरला चुलतभावाला मेसेज केला, आपली मॅच कधी आहे रे?

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "कुणाची? बार्साची?"