काकांच्या गिटारची खरखर
काकांची इलेक्ट्रिक गिटार वीस वर्षे माळ्यावर पडून होती. ॲम्प्लिफायरला जोडून आवाजाची कळ फिरवताच विस्तवावर मीठ टाकल्यासारखी तडतड होई. दोष पिकअपचा, म्हणजे तारांची कंपने टिपून त्यांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या वेटोळ्याचा असावा, या समजुतीने मी मल्टिमीटर लावला; पण वेटोळ्याचा रोध ६ किलोओहम भरला, म्हणजे केसाहून बारीक अशी ती हजारो वेढ्यांची तांब्याची तार शाबूत होती. खरा दोष आवाजाच्या कळीखालच्या २५० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरमध्ये, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या रोधात होता, कारण त्याच्या कार्बनच्या पट्टीवर मळ साचला होता. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारून कळ तीसेक वेळा फिरवली, जॅकच्या सुटलेल्या तारेला नव्याने डाख दिला, तेव्हा कुठे खरखर थांबली. पिवळटलेला मूळ रंग मात्र मी घासला नाही. काकांच्या मनगटाने झिजवलेली जागा पॉलिशखाली झाकणे मला पटेना.