परड्यातला आडोसा

कोल्हापूरच्या फुलेवाडीत आमचं कौलारू घर आहे आणि घराच्या मागं, पूर्वेला, परडं आहे. 30 फूट लांब, 22 फूट रुंद. धुण्याचा दगड, पाण्याचा बंब, एक पेरू, एक कढीपत्ता, मध्ये तुळस. मार्च लागला की वर्षाच्या चटणीची मिरची इथंच वाळते, सांडगे-पापड इथंच होतात. लग्न होऊन आले तेव्हापासून माझा अर्धा दिवस या परड्यात गेलाय.

डिसेंबर 2021 मध्ये आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. दवाखान्यातनं घरी आणल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, रोज हातापायाला तेल चोळा, बोटांचे व्यायाम घ्या, आणि त्यांना खोलीत कोंडून ठेवू नका, बाहेर उजेडात, उन्हात बसवा. मग आमचा नेम ठरला. सकाळी आठला स्टुलावर आत्ती, समोर पाटावर मी. लुगडं गुडघ्याच्या वर सरकवायचं, केस मोकळे सोडायचे, खोबरेल कोमट करून चोळायचं. उन्हानं पाठ शेकायची. दोन-तीन महिन्यांत डावा पाय रेटा द्यायला लागला. मला त्या परड्याचे पाय धरावेसे वाटायचे.

2022 मध्येच उत्तरेकडच्या शेजाऱ्यांनी जुनं घर पाडून तीन मजली इमारत बांधली. दसऱ्याला वास्तुशांत झाली, आम्ही जेवून आलो. रीतसर परवानगी घेऊन, हद्दीपासून अंतर सोडून बांधलेली इमारत, तिच्यात चूक काढायला जागा नव्हती. पण पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलऱ्या दक्षिणेला, म्हणजे सरळ आमच्या परड्यावर उघडत होत्या. कुणी मुद्दाम बघायचं नाही. कपडे वाळत घालायला माणूस येणार, फोनवर बोलत उभं राहणार, खाली नजर जाणारच.

दुसऱ्या आठवड्यात आत्ती म्हणाल्या, "भाईर नगं गं. वरनं दिसतंय."

मी म्हटलं, "आत्ती, कोण बघतंय? सगळे आपापल्या कामात असतात."

"बघू दे न्हाईतर न बघू दे. मी आतच बसतो."

आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, बसतो, येतो, जातो. जन्मभर डोक्यावरचा पदर खाली येऊ न दिलेली बाई. उघड्या गुडघ्यानिशी कुणाच्या नजरेखाली बसणं तिला जमणार नाही, हे मला कळायला हवं होतं. मी तिला समजावत बसले त्यात दोन-तीन महिने गेले. ती आतच राहिली आणि पाय पुन्हा जड पडायला लागला.

मग मी मागं लागले. पहिला विचार सगळ्यांना येतो तोच आला, भिंत वाढवायची. आमची कंपाउंड भिंत 5 फुटांची. ओळखीच्या एका इंजिनिअरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की कंपाउंड भिंत साधारण दीड मीटरच धरतात, 2.4 मीटरपर्यंत नेता येते, पण वरचा 0.9 मीटर भाग आरपार दिसणारा, जाळीचा ठेवावा लागतो. आरपार जाळीचा मला काय उपयोग! नात्यातल्या वकिलांनाही विचारून घेतलं. ते म्हणाले, 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात, कलम 18 मध्ये, शेजाऱ्याच्या खाजगी जागेवर नवी खिडकी उघडू नये अशा रूढीचा उल्लेख आहे, पण आपल्या गावात तशी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. "आणि समजा केलंस सिद्ध, त्या घरात परत हळदीकुंकवाला जाणार आहेस का?" तो विषय तिथंच संपला.

मे 2023 मध्ये मग शेडनेट लावलं. हिरवं, 75 टक्के ऊन अडवणारं. भिंतीलगत लोखंडी पाइप उभे केले आणि जमिनीपासून 10 फुटांपर्यंत नेट ताणून बांधलं. दिसायला छान दिसलं. आत्तींना धरून बाहेर आणलं, स्टुलावर बसवलं. त्यांनी मान वर केली. नेटच्या वर गॅलरीचा कठडा जसाच्या तसा दिसत होता.

"ह्याच्यावरनं बी दिसतंय की."

दिसत होतंच. खालच्या मजल्यावरचा माणूस तेवढा झाकला गेला होता, आणि तिथनं तर कधी कुणी दिसतच नव्हतं. तरी मी हट्टानं नेट ठेवलं. जुलैत पश्चिमेचा वारा सुरू झाला आणि नेट रात्रभर फडफडायला लागलं. एका रात्री कडेच्या रिंगा फाटून अर्धं नेट शेजारच्या अंगणात जाऊन पडलं, एक पाइप वाकला. सकाळी शेजारच्या वहिनी दारात आल्या. हातात ओलं नेट, चौकोनी घडी घालून. एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. त्या घडीनं मला जास्त लाज वाटली.

रोपवाटिकेतही जाऊन आले. लवकर वाढतं, दाट होतं म्हणून तिथल्या माणसानं कोनोकार्पस सुचवला. तो मी घेतला नाही. गुजरात सरकारनं 2023 मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. मुळं ड्रेनेजच्या नळांत शिरतात, फुलोऱ्याचा काहींना दम्याचा त्रास होतो. आमची सांडपाण्याची लाइन त्याच भिंतीकडनं जाते. कुंपणासाठी रोपं घेणाऱ्यांनी हे एकदा विचारात घ्यावंच. उंच अशोक चांगला, पण तो गॅलरीइतका होईपर्यंत आत्तींना थांबायला सांगायचं का?

जानेवारी 2024. थंडी बरीच पडली होती. एका सकाळी स्वयंपाकघरातनं बघते तर आत्ती परड्यात. नातवाच्या हाताला धरून गेल्या होत्या. स्टुलावर बसलेल्या, आणि नातवानं त्यांची जुनी काळी छत्री उघडून उत्तरेच्या बाजूला, खांद्याला टेकवून तिरकी धरलेली. पूर्वेचं ऊन अंगावर, दक्षिण मोकळी, आणि गॅलरीच्या बाजूला छत्री. पाय उघडे टाकून निवांत बसल्या होत्या.

मी हातातलं पीठ न धुता तशीच बघत उभी राहिले. 10 फुटांच्या नेटला जे जमलं नव्हतं ते हातभर छत्रीनं केलं होतं, कारण छत्री त्यांच्याजवळ होती. आडोसा भिंतीपाशी करायचाच नव्हता. बसणाऱ्या माणसापाशी करायचा होता.

त्याच दिवशी दुपारी सुतळीचा गुंडा घेऊन शेजारी गेले. वहिनींना सगळं सांगितलं, आत्तींच्या पायापासून. म्हटलं, "तुम्ही गॅलरीत उभ्या राहा आणि सुतळीचं टोक डोळ्यापाशी धरा. खाली मी दुसरं टोक आत्तींच्या डोक्याइतक्या उंचीवर बांधते."

त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "ताई, आम्हालाबी लई अवघडतंय ओ. खाली आत्ती बसल्यात म्हटलं की मी कपडे वाळत घालायला येत नव्हते. दार लावूनच घेत होते." सव्वा वर्ष त्या दार लावून बसत होत्या आणि आमच्या आत्तीही.

सुतळी ताणली. वहिनींचे डोळे जमिनीपासून साधारण 17 फुटांवर, आत्तींचं डोकं 4 फुटांवर. स्टूल भिंतीपासून 12 फूट, गॅलरी भिंतीच्या पलीकडं 6 फूट. भिंतीपाशी सुतळी किती उंचीवरनं जाते ते काठीनं मोजलं, तर साडेबारा फुटांच्या वर. म्हणजे भिंतीवर आडोसा करायचा तर तेवढा उंच लागला असता. आणि स्टुलापासून 3 फुटांवर तीच सुतळी सव्वासहा फुटांवर. मग दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलीला हाक मारून तिच्याकडं टोक दिलं. स्टुलापासून 3 फुटांवर ती सुतळी आठ फुटांच्या आत राहिली. भिंतीपाशी तीच 19 फुटांच्या वर गेली. बांबूची विणलेली आठ फुटांची तट्टी, आत्तींपासून तीन फुटांवर. एवढंच लागत होतं.

दुसरी गोष्ट दिशेची. आमचं नशीब की नजर उत्तरेकडनं येते. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळं उत्तरेला कितीही दाट आडोसा केला तरी सकाळचं ऊन अडत नाही. ज्यांच्याकडं नजर पूर्वेनं किंवा दक्षिणेनं येते त्यांनी हे आधी बघावं, नाहीतर आडोसा होतो आणि ऊन जातं.

तट्टीसाठी बुरूड गल्लीत गेले. तिथले मामा सूप विणत बसले होते. मी माप सांगितलं. त्यांनी हातातलं काम न थांबवता विचारलं, "काय झाकायचं हाय? गाडी, का माणूस?"

"माणूस. म्हातारं माणूस, उन्हात बसायला."

"मग लई घट्ट नको. घट्ट विणली की वारा धरतीया आणि पडतीया. बारीक फट ठेवतो. लांबनं काय दिसत न्हाई, वारा जातोय."

नेटचं काय चुकलं होतं ते मला तिथं कळलं. त्यांनी 8 फूट उंच, 5 फूट रुंद असे दोन तुकडे विणून दिले. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कांबी, एक आड एक उलट्या घातलेल्या, कडेला दुहेरी वेठण. बोट फिरवलं तर एक कूस लागत नव्हती. बांबू पोखरणारा पोरकिडा लागू नये म्हणून चंदगडकडनं काजूच्या टरफलाचं तेल मागवलं आणि तट्टीला, विशेषतः खालच्या कडेला, दोन हात दिले. हे तेल कातडी भाजतं. रबरी हातमोजे घालूनच लावावं, आणि लहान मुलांना त्या दिवशी जवळ येऊ देऊ नये. आम्ही वास जाऊन तेल पूर्ण वाळेपर्यंत, पंधरा दिवस, आत्तींना तिकडं नेलं नाही.

मुरमात दोन फुटांचे खड्डे घ्यायला गवंड्याला अख्खा दिवस लागला. दोन इंची पाइप काँक्रीटमध्ये उभे केले, त्यांना आडवे बांबू आणि त्यावर तारेनं तट्टी. मातीला टेकली की कुजते म्हणून जमिनीपासून चार बोटं वर. वरच्या कडेला दोन फुटांचं पाखं, म्हणजे उतरत्या छपरासारखा तुकडा, आतल्या बाजूला झुकवलं, म्हणजे गच्चीवरनं येणारी नजरही अडली.

एक चूक झाली. सुतळी आम्ही गॅलरीच्या मधोमध धरून मोजली होती. गॅलरी लांब आहे, तिच्या पूर्वेच्या टोकाला उभं राहिलं की दहा फुटांच्या तट्टीच्या कडेनं तिरकं दिसत होतं. हे वहिनींनीच वरनं ओरडून सांगितलं. पूर्वेला काटकोनात तट्टी वळवली असती तर ऊन गेलं असतं, म्हणून त्याच ओळीत 4 फुटांचा आणखी एक तुकडा जोडला. मामांनी तो आठवड्यात विणून दिला.

नेटचे पाइप भिंतीपाशी उभेच होते. वाकलेला सरळ करून घेतला आणि जून 2024 मध्ये त्यांच्यावर मधुमालती सोडली. तिचा पसारा जड होतो, तट्टीवर ती कधी चढवू नये. तट्टीवर फक्त हलके वेल, गोकर्ण आणि घोसाळं. त्या जुलैत पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून गेली, आमच्याकडं पाणी आलं नाही पण आठवडाभर पाऊस हटला नाही आणि वाराही. मी रात्री दोनदा उठून बॅटरी घेऊन बघून आले. तट्टी जागची हलली नव्हती. ऑगस्टमध्ये घोसाळ्यानं पाखं भरून टाकलं. मधुमालतीची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात आणि दुसऱ्या दिवसापासून गुलाबी, लाल होत जातात. तिचा वास आमच्यापेक्षा वहिनींच्या गॅलरीत जास्त जातो, असं त्याच सांगतात.

आत्ती पहिल्या दिवशी तट्टीमागं बसल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. मान वर करून एकदा बघितलं, मग स्वतःच्या हातानं लुगडं वर सरकवलं आणि पाय पुढं केला. तेलाची वाटी माझ्या हातात थरथरत होती.

आता त्या काठीनं दारापर्यंत जातात. डावा हात अजून पूर्ण वळत नाही. डिसेंबरात वेल वाळला, आठ-दहा घोसाळी जून होऊन तट्टीवर खडखडत होती. ती काढून आत्तींच्या मांडीवरच्या सुपात ठेवली. व्यायामवाल्या ताईंनी बारीक वस्तू चिमटीत उचलायला सांगितलंच होतं. आत्ती घोसाळं आपटून बिया पाडायच्या आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी एकेक काळी बी उचलून डब्यात टाकायच्या. एक सुटली की परत. अख्खी सकाळ त्यात गेली. डबा भरल्यावर त्यांनी अकरा बिया कागदात बांधल्या आणि मला म्हणाल्या, "ह्या वरच्या पोरीला दे. तिच्या गॅलरीत कुंडीत लाव म्हणावं, जूनमधी."

मी खालनं वहिनींना हाक मारली. त्यांनी दोरीला बांधलेली पिशवी सोडली.