प्रस्तावनेच्या वेळी उठू नका

फेब्रुवारीच्या अखेरीस ठाण्यात रिकामं सभागृह मिळणं मुश्कील. २७ तारखेला कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. त्याच्या आगेमागे घंटाळीपासून कोपरीपर्यंत कुठे ना कुठे कविसंमेलन असतंच. त्याच दिवसांत एका रविवारी संध्याकाळी आमच्या मंडळाचा हस्तलिखित मेळावा असतो, नौपाड्यातल्या एका शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. मी मंडळाची सहकार्यवाह. त्यामुळे घरच्या कार्याबद्दल लिहावं तसंच हे लिहून होणार, आणि तसंच ते व्हावं अशी माझी इच्छा आहे.

ज्याचा एकही कवितासंग्रह छापलेला नाही अशा कवीनं आपलं अख्खं हस्तलिखित पाठवायचं. सुटी कविता चालत नाही. एकाच परीक्षकानं त्यातून एक निवडायचं आणि मंडळानं त्याचं पुस्तक काढायचं. ही कल्पना आमच्या सरांची. सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आम्हाला येल विद्यापीठाच्या प्रेसची गोष्ट सांगितली. अमेरिकेत न्यू हेवनला ही प्रेस १९१९ पासून तरुण कवींच्या पहिल्या संग्रहांची एक मालिका चालवते. कवीनं ४८ ते ६४ पानांचं हस्तलिखित पाठवायचं, नामवंत कवी परीक्षक असतो आणि निवडलेलं पुस्तक विद्यापीठाची प्रेस छापते. पूर्वी चाळिशीच्या आतल्यांनाच भाग घेता यायचा, आता ती अट नाही. आपल्याकडे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं कुसुमाग्रज अध्यासन नव्या कवींना विशाखा पुरस्कार देतं आणि त्याचं मोल मोठंच आहे. पण तो छापून आलेल्या पहिल्या संग्रहाला. सरांचं म्हणणं असं, की छापून येण्याच्या आधीचा जो काळ असतो, फाइल पिशवीत घालून हिंडण्याचा, तेव्हा कवीला कुणीतरी विचारलं पाहिजे. आम्हाला ते पटलं. पानांची अटही आम्ही तीच ठेवली, ४८ ते ६४.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवाल, शाल-श्रीफळ हे सगळं असतंच. अहवाल मीच वाचते आणि भरभर वाचते. त्यानंतर येतं ते येलचं टिपण. दर वर्षी मंडळातल्या एकानं त्या मालिकेतला एक विजेता निवडायचा, वीसेक मिनिटं बोलायचं आणि त्याची एक कविता मराठीत करून वाचायची, असा शिरस्ता सरांनी पहिल्याच वर्षी घातला.

सगळ्यात जास्त आठवतं ते मार्गारेट वॉकरवरचं टिपण. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय कवयित्री. स्टीव्हन व्हिन्सेंट बेने परीक्षक होते आणि तिचं पुस्तक आलं १९४२ साली. टिपण सांगत होत्या आमच्या जोशीवाड्यातल्या मावशी, आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या. त्यांनी साल सांगितलं, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "त्याच वर्षी आपल्याकडे 'विशाखा' आला." हॉलमध्ये एकदम चुळबुळ झाली. तिकडे सत्तावीस वर्षांची मुलगी आपल्या माणसांच्या वतीनं बोलत होती, इकडे तिशीतले कुसुमाग्रज. आणि दोघांच्याही पुस्तकाच्या दाराशी एक वडीलधारा उभा होता. तिच्या पुस्तकाला बेनेंची प्रस्तावना. 'विशाखा' तर खांडेकरांनी स्वतः प्रसिद्ध केला आणि त्याला प्रस्तावनाही लिहिली. मावशींच्या हातात टाचणाचा एकही कागद नव्हता. सगळं तोंडपाठ करून आल्या होत्या.

जोन मरेवरचं टिपण ऐकताना मात्र मला रडू आवरलं नाही. ही नामवंत इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांची विद्यार्थिनी. १९४२ साली वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी गेली. पुढे ऑडेन या मालिकेचे परीक्षक झाले आणि १९४७ साली त्यांच्या निवडीचं जे पहिलं पुस्तक निघालं ते तिचं. जी स्वतः येऊन बक्षीस घेऊ शकत नाही तिला शिक्षकानं दिलेलं हे बक्षीस. त्या वर्षी समोरच्या रांगेत आमचे खजिनदार बसले होते. त्यांच्या मुलाच्या कवितांची वही अजून त्यांच्या कपाटात आहे. टिपण संपल्यावर ते उठून बाहेर गेले आणि कुणीही त्यांच्या मागे गेलं नाही, हे आम्ही बरोबर केलं असं मला वाटतं.

कोपरखैरण्याचे आमचे डॉक्टर फादी जुदावर बोलले तेही असंच लक्षात राहिलं. जुदा पॅलेस्टिनी वंशाचा अमेरिकी कवी, पेशानं डॉक्टर. कवयित्री लुईस ग्लूक परीक्षक असताना त्याचा संग्रह निवडला गेला आणि २००८ साली आला. आमच्या डॉक्टरांनी कवितेपेक्षा तपासणीच्या खोलीबद्दलच जास्त सांगितलं. रोग्याचं ऐकताना काय ऐकायचं आणि काय नुसतं ऐकून घ्यायचं, याबद्दल. टिपण म्हणून ते ढिलं होतं. पण शेवटी त्यांनी जी कविता वाचली तिच्यावर टाळ्या पडायला वेळ लागला, आणि आमच्या हॉलमध्ये असं क्वचित होतं.

एका टिपणानं तर आमचा नियमच बदलला. १९५५ साली येलच्या स्पर्धेत ऑडेनकडे आलेल्या हस्तलिखितांतलं एकही त्यांना पसंत पडेना. जॉन अॅशबेरीचं बाड प्रेसच्या आधीच्या चाळणीतच गळालेलं होतं. ऑडेननी अॅशबेरी आणि त्याचा मित्र फ्रँक ओहारा या दोघांची हस्तलिखितं थेट मागवून घेतली आणि अॅशबेरीला निवडलं. पुस्तक १९५६ साली निघालं. चाळणीतून गळालेला हा माणूस पुढे त्याच्या पिढीतल्या सर्वांत मोठ्या कवींत गणला गेला. हे ऐकून आमच्या प्राथमिक वाचकांची झोप उडाली. दुसऱ्याच बैठकीत ठरलं, की बाद केलेली हस्तलिखितंसुद्धा वेगळ्या गठ्ठ्यात बांधून परीक्षकांकडे पाठवायची. तेव्हापासून परीक्षकांच्या घरी दोन गठ्ठे जातात, एक पांढऱ्या दोऱ्याचा, एक लाल.

पण मी ज्यासाठी वर्षभर थांबते ते टिपण नव्हे. ते म्हणजे प्रस्तावना-वाचन. येलमध्ये परीक्षक विजेत्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहितो. आमच्याकडे तो ती मेळाव्यात उभा राहून, कवीच्या समोर वाचतो. भाषण करायचं नाही, लिहून आणलेलंच वाचायचं, हा सरांचा आग्रह. बोलताना माणूस कौतुक करून मोकळा होतो. लिहिताना त्याला कविता पुन्हा वाचावी लागते.

घणसोलीची एक मुलगी विजेती होती ते वर्ष सांगते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, आई तुर्भ्याच्या बाजारात कांदा निवडायला जाणारी. परीक्षक होत्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक कवयित्री. त्या उठल्या, चष्मा बदलला आणि हस्तलिखितच हातात घेतलं. पानांच्या कडा वाचून वाचून मऊ पडल्या होत्या. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या आणि मधेमधे बसची तिकिटं घातलेली होती, पानखूण म्हणून. त्यांनी आधी तिच्याच दोन ओळी वाचल्या:

"आई घरी येते तेव्हा
बाजार तिच्यामागून जिना चढतो."

मग म्हणाल्या, "या दोन ओळींनंतर कवयित्री अजून चार ओळी लिहिते. त्या चार ओळींची गरज नाही, हे मी तिला सांगितलं. तिनं मला सांगितलं की आहे. आम्ही तीन वेळा भेटलो. त्या चार ओळी पुस्तकात आहेत आणि आज पहाटे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की तिचंच बरोबर असावं." हे सगळं लिहिलेलं होतं. त्या वाचत होत्या आणि कागद हातात थरथरत होता. मुलगी मान खाली घालून बसली होती. तिची आई मात्र ताठ बसून थेट परीक्षकांकडे पाहत होती. आपल्याबद्दल कुणीतरी एवढा वेळ, एवढं जपून बोलतंय, हे ती पहिल्यांदाच ऐकत असावी.

अशा वेळी मला मंडळात असल्याचा खरोखर अभिमान वाटतो. सत्कार सगळीकडेच होतात. पण एका जाणत्या माणसानं अनोळखी मुलीची चौसष्ट पानं पाचपाचदा वाचावीत, तिच्याशी वाद घालावा आणि चारचौघांत सांगावं की वादात मी हरले, हे मी दुसऱ्या कुठल्या मेळाव्यात पाहिलेलं नाही.

आता जे मनात डाचतं तेही लिहिते. प्रस्तावना टिपणानंतर येते, म्हणजे साडेसातच्या सुमाराला. आणि नेमके तेव्हाच लोक उठतात. प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं, त्यांच्याबरोबर फोटो झाला, की पहिल्या तीन रांगा रिकाम्या. राम मारुती रोडवर राहणारी, हॉलपासून चालत पाच मिनिटांवरची माणसं "उशीर होतो हो" म्हणून निघतात. आणि ऐरोली, रबाळे, घणसोलीची मुलं ट्रान्स हार्बरची गाडी पकडून आलेली असतात, रविवारचा मेगाब्लॉक असला तरी, आणि शेवटपर्यंत बसतात. ज्यांची हस्तलिखितं निवडली जात नाहीत त्यांतले बहुतेक तर येतच नाहीत. याचं मला सर्वांत वाईट वाटतं. दुसऱ्याच्या कवितेबद्दल परीक्षक काय म्हणतात ते ऐकणं हीच खरी शिकवणी. एक गृहस्थ मात्र लागोपाठ हस्तलिखित पाठवत राहिले, निवडले गेले नाहीत, आणि तरी दर मेळाव्याला तिसऱ्या रांगेत वही घेऊन बसत आले. त्यांच्याबद्दल मला विजेत्यांइतकाच आदर आहे.

एका वर्षी परीक्षकांनी कुणालाच निवडलं नाही. मंडळात मोठी खळबळ झाली. देणगीदार नाराज झाले, मेळावा रद्द करा असंही काहींनी सुचवलं. सरांनी शांतपणे सांगितलं, की ऑडेनच्या काळात येलची १९५० आणि १९५५ ही सालं पुस्तकाविनाच गेली, आणि १९५० असं रिकामं गेल्यामुळेच १९५१ला अॅड्रिएन रिच आणि १९५२ला डब्ल्यू. एस. मर्विन आले तेव्हा त्या निवडीला वजन आलं. मर्विन तर पुढे स्वतःच या मालिकेचे परीक्षक झाले. आम्ही मेळावा घेतला. परीक्षकांनी पुस्तक नसलेली प्रस्तावना वाचली. कुणाचंही नाव न घेता सहा हस्तलिखितांतलं काय काय आवडलं आणि कुठे हात आखडला, ते सांगितलं. त्या सहांतले चौघे पुढच्या वर्षी पुन्हा आले.

हे सगळं ज्यांच्यामुळे उभं राहतं त्यांची नावं छापू नका असं बहुतेकांनी बजावलंय, म्हणून कामावरूनच ओळख देते. शाळेचे शिपाई मामा, जे सुट्टीच्या दिवशी हॉल उघडून पंखे चालू करून ठेवतात. राम मारुती रोडचे झेरॉक्सवाले काका, हस्तलिखितांच्या प्रतींचे पैसे ते निम्मेच घेतात. अक्षरजुळणी करणारा डोंबिवलीचा दादा आणि मुद्रितं तपासणाऱ्या दोघी ताई, ज्यांच्यामुळे आमच्या पुस्तकांत ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडत नाही. मुखपृष्ठं करणारा कळव्याचा चित्रकार. प्राथमिक वाचक पाचही जण, त्यांतल्या एक जणी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मुलीकडून वाचून घेऊन काम पुरं करतात. माइक सांभाळणारे दोन भाऊ. जिन्यापाशी रांगोळी काढणाऱ्या वहिनी, बटाटेवडे आणि चहा वेळेवर पोहोचवणारे तलावपाळीचे मामा, खुर्च्या लावणारी कॉलेजची मुलं. संदर्भ शोधून देणाऱ्या ग्रंथपाल ताई. निधी देणारे तीन निवृत्त बँक कर्मचारी. परगावच्या परीक्षकांना घरी उतरवून घेणारं पाचपाखाडीचं कुटुंब. स्टेशनवर वयस्क पाहुण्यांना आणायला जाणारे आमचे रिक्षावाले भाऊ. गेल्या वर्षी आपल्यातून गेलेले संस्थापक सदस्य, ज्यांनी पहिल्या पुस्तकाचा कागद स्वतःच्या पैशानं घेतला. आणि हो, लाल-पांढरे दोरे वळून देणाऱ्या आजी. कुणी राहिलं असेल तर मला फोन करा, पुढच्या अहवालात पहिलं नाव तुमचं.

यंदा येलचं टिपण घणसोलीची तीच मुलगी सांगणार आहे, अॅड्रिएन रिचवर. रिच निवडली गेली तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि ऑडेननी तिच्या कवितांचं कौतुक केलं ते शालीन, मोठ्यांचा मान राखणाऱ्या मुलींचं करावं तसं. मुलीनं फोनवर मला सांगितलं, "काकू, मला त्या प्रस्तावनेबद्दल बोलायचंय. ती मला आवडलेली नाही." मी तिला म्हटलं, वीस मिनिटं पुरणार नाहीत, तू अर्धा तास घे. सरांनाही कळवलंय. ते आता व्हीलचेअरवर येतात आणि पहिल्या रांगेच्या कडेला बसतात. वेळ बरोबर सहाची आहे.