सातारा ते लेह: सायकल विमानाने नेताना काय काय करायचं

मनाली-लेह सायकलवर करून आम्ही सातारकर मंडळी परत आलो, आणि आल्यापासून यवतेश्वरच्या घाटात जो भेटतोय तो टांगलांग ला या खिंडीचा चढ कसा होता हे नंतर विचारतोय, आधी विचारतोय की सायकल विमानात टाकली कशी आणि मोडली नाही ना. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या सीझनला जाणाऱ्यांना उपयोग होईल.

रूट सांगतो. साताऱ्याहून पुणे, पुण्याहून विमानाने चंदीगड, तिथून गाडीने मनाली, मग रोहतांग, बारालाचा ला, टांगलांग ला करत लेह, आणि येताना लेह-दिल्ली-पुणे विमानाने. राईडबद्दल एवढंच सांगतो की कास आणि पसरणीचा घाट पाय तयार करायला एकदम भारी, पण टांगलांग ला ५,३२८ मीटरवर आहे, तिथली हवाच विरळ, त्यामुळे मनालीत आणि केलाँगला अंगाला सवय व्हायला वेळ द्या, घाई करू नका.

आता खोका. नवीन सायकल दुकानात ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येते तोच घ्यायचा, साधारण १४० सेंमी लांब, ७५ उंच आणि २० रुंद असतो. साताऱ्यात कुठल्याही सायकलच्या दुकानात आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवलं तर ठेवतात, नाहीतर तो रद्दीत जातो. महागडी हार्ड केस घेऊन या रूटला फायदा नाही, कारण जाताना एका गावात उतरायचं आणि परत दुसऱ्याच गावातून यायचं, मग केस कुठे ठेवणार? आम्ही मनालीत खोक्याच्या तळाच्या पिना उपटून खोके सपाट केले, ताडपत्रीत गुंडाळले आणि सामानाच्या गाडीत टाकले, लेहला परत चिकटपट्टी मारून उभे केले. रस्त्यात पाऊस लागतो, म्हणून ताडपत्री पाहिजेच, भिजलेला पुठ्ठा काही कामाचा नाही.

पॅकिंगला घरी निवांत बसा, विमानाच्या आदल्या रात्री नको. पेडल काढताना लक्षात ठेवा की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, सोपी खूण म्हणजे पाना वरच्या बाजूला धरायचा आणि मागच्या चाकाकडे ढकलायचा, दोन्ही पेडल अशीच सुटतात. लावताना थोडं ग्रीस लावा म्हणजे पुढच्या वेळी हातोडी लागणार नाही. सीटपोस्ट (सीटखालची दांडी) काढायच्या आधी उंचीवर टेपची खूण करा, हँडलला पण तशीच खूण. हँडल स्टेमवरून (ज्या तुकड्यावर हँडल आवळलेलं असतं) सोडवून फ्रेमला समांतर बांधायचं, केबलला पीळ पडू द्यायचा नाही.

खरी काळजी दोन जागांची. पहिली मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग. खोका त्या बाजूवर आडवा पडला की सगळा भार डिरेलरवर येतो आणि तो ज्या छोट्या हँगरवर लटकलेला असतो तो वाकतो, तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो म्हणजे फ्रेम वाचते. हँगर जरासा जरी वाकला तरी गिअर नीट पडत नाहीत आणि मोठ्या गिअरला डिरेलर तारांत जाऊन अडकू शकतो. त्यामुळे ५ एमएमच्या एलन कीने डिरेलर हँगरवरून सोडवा, केबल आणि चेन तशीच राहू दे, बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला केबल टायने बांधा. आणि आपल्या फ्रेमचा जादा हँगर सोबत ठेवा, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, लेहच्या बाजारात तुमचाच मिळेल या भरवशावर राहू नका.

दुसरी जागा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय. चाक काढलं की फोर्कची दोन टोकं उघडी पडतात, वरून वजन आलं की ती आत दबतात किंवा पुठ्ठा फाडून बाहेर येतात. नवीन सायकलच्या फोर्कमध्ये प्लास्टिकचा अडसर लावलेला असतो तो दुकानदाराकडून मागून घ्या, फुकट देतात. डिस्क ब्रेक असेल तर चाकावरची चकती शक्यतो काढूनच ठेवा, आणि हायड्रॉलिक ब्रेक असेल तर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा घाला, कारण चाक नसताना लिव्हर चुकून दाबली गेली की पॅड एकमेकांना चिकटतात. फ्रेमच्या नळ्यांना एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम लावा, मीटरवर मिळतो आणि बबल रॅपपेक्षा कितीतरी चांगला टिकतो. सगळं झालं की खोका उचलून हलवून बघा, आत खडखड आली तर परत उघडा. चंदीगडला आमच्यातल्या एकाच्या खोक्याचा कोपरा फाटून आला होता, पण आतलं सगळं एकमेकांना बांधलेलं म्हणून एक स्क्रूसुद्धा पडला नाही.

टायरची हवा कमी करायला सांगतात. सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो त्यामुळे टायर फुटायची तशी भीती नाही, पण नियम आहे तर हवा कमी करा, अगदी सपाट मात्र करू नका, रिमला तेवढाच आधार राहतो.

तिकीट काढतानाच विमान कंपनीला सायकल आहे हे कळवा आणि उत्तर ईमेलवर घ्या. कुणी स्पोर्ट्सचं सामान म्हणून ठरलेली फी लावतं, कुणी वजनावर. देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक १५ किलो फ्री असतं, आणि एमटीबी (माउंटन बाइक) खोक्यासकट सहज १७-१८ किलो भरते, तेव्हा जादा वजन आधी ऑनलाइन घ्या, काउंटरवर महाग पडतं. एका नगाला ३२ किलोची हद्द आहे, म्हणून कपडे, तंबू सगळं त्याच खोक्यात कोंबू नका.

पॉवर बँक आणि लाइटच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, खोक्यात सापडल्या तर एक्सरेला खोका उघडायला लावतात. १०० वॉट-तासांपर्यंत चालतं, २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ भरते. उलट एलन की, मल्टिटूल, पाने खोक्यात, हातात ठेवले तर सिक्युरिटीला काढून घेतील. पंक्चरला वापरतात त्या सीओटू गॅसच्या नळ्या घरीच ठेवा, साधा हातपंप घ्या. ई-बाइकवाल्यांनी विमानाचा नाद सोडा, तेवढी मोठी बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत.

साताऱ्याहून मागची सीट काढलेली ईको केली, खोके उभे बसतात. खंबाटकीला आणि कात्रजच्या अलीकडे ट्रॅफिक कधी लागेल सांगता येत नाही, त्यामुळे विमानाच्या तीन तास आधी लोहगावला पोचायचं असा हिशोब धरून निघा. खोका नेहमीच्या बेल्टवर मावत नाही, मोठ्या सामानाकडे वेगळा नेतात, तिथे तपासणी होईपर्यंत थांबा आणि चिकटपट्टीचा रोल हाताशी ठेवा, उघडायला लावला तर परत बंद तुम्हालाच करायचाय. मोडतोडीची जबाबदारी कमी करणाऱ्या टॅगवर सही घेतात, त्याआधी खोक्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. उतरल्यावर पण विमानतळाच्या आतच उघडून बघा, काही मोडलं असेल तर बाहेर पडायच्या आधी बॅगेज काउंटरवर लेखी तक्रार करून तिची प्रत घ्या, बाहेर आल्यावर कोण ऐकत नाही.

लेहहून येताना एक गोष्ट वेगळी आहे. विमानतळ ३,२०० मीटरच्या वर, हवा विरळ, त्यामुळे उड्डाणाला वजनाची मर्यादा येते आणि कधीकधी सामान मागच्या विमानाने येतं. म्हणून लेह-दिल्ली-पुणे एकाच तिकिटावर काढा आणि दिल्लीत मधे भरपूर वेळ ठेवा, वेगवेगळी तिकिटं असतील तर दिल्लीत खोका परत घेऊन, टर्मिनल बदलून, परत चेक-इन करावा लागतो, आणि ते दमलेल्या अंगाने नको वाटतं.

जोडताना स्टेमचे चार बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, साधारण ५ न्यूटन-मीटर, कार्बन असेल तर टॉर्क पानाच वापरा. मग गल्लीत एक चक्कर मारून ब्रेक, गिअर बघा आणि मगच घाटाला लागा.

आमच्याकडचा फोम आणि फोर्कचे अडसर अजून चांगल्या अवस्थेत आहेत. साताऱ्यातलं कुणी जाणार असेल तर रविवारी सकाळी यवतेश्वरच्या चढाला भेटा, घेऊन जा.