स्लीप मोडमधून जागा न होणारा संगणक

आजचा बहुतेक दिवस, स्लीप मोडमधून जागा होताना काळ्या पडद्यावर अडकून आपोआप रीस्टार्ट होणाऱ्या संगणकामागे गेला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (संगणकातील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात) ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद ठळकपणे दिसत होती; पण संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढेच ती सांगते, कारण सांगत नाही, त्यामुळे केवळ तिच्या आधारे नवा पॉवर सप्लाय घेण्याची घाई कोणी करू नये.

पारंपरिक स्लीपमध्ये, म्हणजे एस३ अवस्थेत, रॅमला वीज मिळत राहते, प्रोसेसर आणि बहुतेक उपकरणे मात्र बंद होतात, आणि जागे होताना प्रत्येक ड्रायव्हरला (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) आपापले उपकरण पूर्वस्थितीत आणावे लागते. त्यांतला एखादा जरी अडखळला तरी सगळी यंत्रणा कोसळू शकते, म्हणूनच एरवी उत्तम चालणारा संगणक नेमका याच क्षणी दगा देतो.

यूएसबी उपकरणे काढून पाहिली, विंडोज लवकर सुरू करणारे फास्ट स्टार्टअपही बंद केले. (त्याचा संबंध मुळात शटडाउनशी असल्याने काही फरक पडला नाही, याचे नवल वाटले नाही.) ग्राफिक्स ड्रायव्हर मागील आवृत्तीवर नेल्यावर मात्र पडदा लगेच उजळू लागला.

वाढीव वेगाने चालणारी रॅमही जागे होताना अस्थिर ठरू शकते. त्यामुळे रात्रभराच्या स्लीपनंतर पुन्हा तोच प्रकार घडला, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन रॅमला हा वाढीव वेग देणारे एक्सएमपी प्रोफाइल बंद करून पाहणार आहे.