बंड्या घरात आहे का?

गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी सव्वासातला मी आमच्या इमारतीच्या जिन्यात उभी होते. पायात स्लिपर, अंगावर नवऱ्याचा जुना स्वेटर, हातात कुत्र्याचा पट्टा. पट्ट्याला कुत्रा नव्हता. मागे घराचं दार लागलं होतं आणि किल्ली आत राहिली होती. मोबाइलही आत. नवरा कामासाठी म्युनिकला.

जर्मनीत राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. इथल्या घरांच्या मुख्य दाराला आतून दांडीचं हँडल असतं, दाबलं की उघडतं. बाहेरून नुसती घट्ट बसवलेली मूठ, ती फिरत नाही. दार मागे लागलं की तुम्ही बाहेरचे. कितीही भाडं भरत असा. म्हणून इथे नवीन आलेल्याला पहिला सल्ला मिळतो, एक जादा किल्ली शेजारी ठेव. माझी जादा किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे होती, ते स्पेनला सुट्टीवर गेले होते.

बंड्याने, म्हणजे आमच्या कुत्र्याने, दार उघडलं, तो गेला, मी त्याच्यामागे धावले, आणि दार लागलं. एवढंच झालं होतं.

वरच्या मजल्यावरच्या आजींनी किल्लीवाल्याला फोन लावून दिला. रविवार म्हणजे दर जादा. तो यायच्या आधीच बंड्या परत आला, स्वतःच्या पायांनी, तोंडात अर्धा पाव घेऊन. रविवारी इथे सगळी दुकानं बंद, पण बेकऱ्या सकाळचे काही तास उघड्या असतात. हे मला कळायला हॅनोवरमध्ये वर्ष गेलं होतं. त्याला तीन आठवडे लागले.

किल्लीवाल्याने एक जाड प्लास्टिकचा पत्रा काढला, दार आणि चौकट यांच्या फटीत सरकवला, दोनदा हिसका दिला. वीस सेकंद. बिल 189 युरो. पण माझ्या पोटात गोळा आला तो बिलाने नाही. तो माणूस काम करत होता तेव्हा बंड्या शेजारी बसला होता आणि त्याची नजर त्या माणसाच्या हातावरून क्षणभरही हलली नाही.

बंड्या मूळचा रुमानियाचा. तिथे चाउशेस्कूच्या राजवटीत, 1980 च्या दशकात, जुनी घरं पाडून माणसांना सिमेंटच्या इमारतींत हलवलं. अंगणातली कुत्री मागे राहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर वाढली. 2013 साली तिथे कायदा आला. पकडलेल्या कुत्र्याला चौदा कामाच्या दिवसांत कोणी घेतलं नाही, तर त्याला मारायची परवानगी. तेव्हापासून तिथल्या निवाऱ्यांतून कुत्री उचलून जर्मनीत घरं शोधून देणारी बरीच मंडळं काम करतात. आमच्याकडे बंड्या असाच आला. व्हॅनमधून, निळा युरोपियन पासपोर्ट घेऊन. माझ्याकडे अजून युरोपियन पासपोर्ट नाही.

कुत्रा देण्याआधी मंडळाच्या बाई घर बघायला आल्या. आपल्याकडे मुलगी बघायला येतात तशाच. मी सवयीने कांदेपोहे केले. त्यांनी पोहे खाल्ले, कुंपणाची उंची मोजली, दिवसातले किती तास कुत्रा एकटा राहील ते विचारलं, घरमालकाचं परवानगीपत्र पाहिलं. त्यातलं अर्धं माझ्या लग्नाच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं.

मग कागद. आमच्या लोअर सॅक्सनी राज्यात 1 जुलै 2013 पासून पहिल्यांदा कुत्रा घेणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. लेखी आधी, प्रात्यक्षिक पहिल्या वर्षात. लोक तिला कुत्र्याचं ड्रायव्हिंग लायसन्स म्हणतात. कुत्र्याच्या कातडीखाली पंधरा आकडी चिप हवी, राज्याच्या नोंदवहीत नाव हवं, विमा हवा. नगरपालिकेचा कुत्राकर वेगळा. विमा सक्तीचा का, ते मला पुढे कळलं. घरात हौसेने पाळलेल्या कुत्र्याने बाहेर नुकसान केलं तर तुमची चूक असो नसो, भरपाई तुम्हीच करायची, असा इथला कायदा आहे. पळणारा कुत्रा असला की हे वाक्य रात्री दोन वाजता आठवतं.

त्यात शहराचं नशीब बघा. हॅनोवर ज्या नदीकाठी आहे तिचं नाव लाइने. जर्मनमध्ये कुत्र्याच्या पट्ट्यालाही लाइने म्हणतात. म्हणजे ‘हॅनोवर आन डेर लाइने’चे दोन अर्थ, लाइनेकाठचं हॅनोवर आणि पट्ट्याला बांधलेलं हॅनोवर. इथले लोक हा विनोद तीनशेव्यांदा ऐकल्यावरही सौजन्याने हसतात. बंड्याचं नाव मात्र त्यांनी आपल्या परीने सुधारून घेतलं. आमच्या गल्लीत सगळे त्याला ‘बँडिट’ म्हणतात. त्यांना वाटतं, आम्ही विचार करूनच ठेवलंय.

पहिल्या महिन्यात त्याने काय काय उघडलं, ते सांगते. बागेच्या फाटकाची कडी, नाकाने उचलून. मग आम्ही कडीत गिर्यारोहणाचा हुक अडकवला. तर शेजाऱ्यांनी कुंपणाला टेकवून ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यावर चढून पलीकडे. डबा हलवला. मग आम्ही बाहेर जाताना त्याला पिंजऱ्यात ठेवून पाहिलं. पिंजरा इतका गदागदा हलवला की आडवी सरकपट्टी आपोआप निसटली. आम्ही परत आलो तेव्हा पिंजरा उघडा, बंड्या सोफ्यावर. छातीपट्ट्यातून तो उलट्या पावली निघायचा. मान खाली, खांदे आत, एक झटका, आणि रिकामा पट्टा तुमच्या हातात. परदेशातून आलेल्या घाबरट कुत्र्यांसाठी इथे कमरेमागे तिसरा पट्टा असलेला खास हार्नेस मिळतो, तो आणल्यावर ते एक थांबलं.

दाराचं तंत्र बघायला मी एकदा मोबाइल पुस्तकांच्या कप्प्यात चालू ठेवून बाहेर पडले. मी गेल्यावर तो उठलाच नाही. खाली इमारतीचं मोठं दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा कान हलले. मग सावकाश उठला, पुढचे पाय लांब करून आळस दिला, दारापाशी गेला. मागच्या पायांवर उभा राहिला आणि उजवा पंजा हँडलवर ठेवला. मधोमध नाही, पार टोकाला. तरफेचं टोक जितकं लांब तितका जोर कमी, हे मी सातवीत घोकलं होतं. हँडल खाली गेलं, दार बोटभर उघडलं, मग त्याने नाक फटीत घालून ते ओढलं. सगळा कार्यक्रम अकरा सेकंदांचा. दारात थांबून त्याने एकदा मागे वळून पाहिलं. चुकून काही राहिलं का, असं.

आतल्या दारांची हँडलं आम्ही काढून उभी बसवली. इथले कुत्रेवाले सर्रास करतात. दाबायची सोयच राहत नाही. मुख्य दाराला किल्ली दोनदा फिरवायची सवय लावून घेतली. पण दोघांपैकी एक जण सकाळच्या घाईत विसरतोच, आणि बंड्या रोज एकदा हँडल दाबून बघतोच. आमच्या कुत्र्याच्या शाळेतल्या बाईंनी हे छान समजावलं. दहा वेळा न उघडलेलं दार अकराव्या वेळी उघडलं, तर ‘दार उघडत नाही’ हे कुत्रा शिकत नाही, ‘अकरा वेळा बघायचं’ हे शिकतो. आणि आम्ही केलं काय, तर आधी साधी कडी, मग हुक, मग सरकपट्टी. पहिलीपासून दहावीपर्यंत क्रमाने शिकवलं आणि वर मुलगा हुशार निघाला म्हणून तक्रार.

तीनदा फोन आला. त्याच्या गळ्यात टॅसोचा बिल्ला आहे. टॅसो ही इथली पाळीव प्राण्यांची नोंदणी करणारी संस्था. नोंदणी फुकट, फोन चोवीस तास. कुत्रा सापडलेला माणूस बिल्ल्यावरचा किंवा चिपचा आकडा सांगतो आणि ते मालकाला कळवतात. तिन्ही वेळा कुत्रा सापडलेल्या माणसाचं म्हणणं थोडंफार सारखंच होतं. कुत्रा हरवल्यासारखा वाटत नाही, कामाला निघाल्यासारखा वाटतो.

तिसऱ्या फोननंतर आम्ही त्याच्या पट्ट्याला जीपीएसचा ट्रॅकर लावला. पुढच्या दोन पळापळींचे नकाशे मी एकावर एक ठेवून पाहिले आणि हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. दोन्ही रेषा जवळजवळ एकच होत्या. आधी कोपऱ्यावरची बेकरी. मग शाळेच्या मागचे कचऱ्याचे डबे. मग रुळांपलीकडचे क्लाइनगार्टन. शहरात फ्लॅटमध्ये राहणारे लोक भाड्याने बागेचा तुकडा घेतात, झोपडीवजा खोली बांधतात, टोमॅटो लावतात, त्या बागांची ही वसाहत. तिथे तिसऱ्या बागेत एक निवृत्त गृहस्थ शनिवार-रविवारी सॉसेज भाजत बसतात. तिथे दहा मिनिटं. मग ट्रामचा थांबा, आणि घर. चाळीस मिनिटं, ठरलेल्या क्रमाने.

तेव्हा मला काळू आठवला. पुण्यात कर्वेनगरला आमच्या सोसायटीबाहेर काळू असायचा. सकाळी दूधवाल्याच्या दुकानापुढे, अकराच्या सुमारास शाळेच्या रिक्षांपाशी, दुपारी पार्किंगमध्ये मोटारीच्या सावलीत, रात्री वॉचमनकाकांच्या खुर्चीखाली पार्ले-जीची वाट बघत. कोणाचाच नव्हता, आणि त्याला गाडीने ठोकरलं तेव्हा वर्गणी काढून डॉक्टरकडे नेला होता. काळू ‘पळाला’ असं कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. पळायला आधी कोणीतरी कोंडावं लागतं. (काळूच्या गुणांबद्दल रात्रपाळीहून दुचाकीवर परतणाऱ्यांचं मत वेगळं होतं, हेही सांगायला हवं. ते चुकीचं नव्हतं.)

पण हे हॅनोवर आहे. इथे रस्त्यावरचा मोकळा कुत्रा म्हणजे कोणाची तरी चूक. 1 एप्रिल ते 15 जुलै पक्ष्या-प्राण्यांच्या विणीचा काळ, तेव्हा रानात आणि मोकळ्या माळावर पट्टा सक्तीचा. आणि त्याच्या त्या गस्तीत ट्रामचे रूळ दोनदा ओलांडावे लागतात.

मे महिन्यात आई आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आल्या आल्या उभी हँडलं, हुक, उघडा पडलेला पिंजरा, दारावर मी लावलेली ‘किल्ली फिरवलीस का?’ ही चिठ्ठी, सगळं पाहून घेतलं. दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, “अगं, हा ओढाळ आहे.”

ओढाळ हा शब्द मी पंधरा वर्षांत ऐकला नव्हता. कळप सोडून दुसऱ्याच्या शेतात शिरणारं जनावर. आईचं माहेर साताऱ्याकडचं, तिच्या वडिलांकडे असा एक बैल होता. दावं सोडवायचा, वई मोडायचा. दर महिन्या-दोन महिन्यांनी आजोबा कोंडवाड्यात दंड भरून त्याला सोडवून आणायचे. मग त्याच्या गळ्यात लोढणं बांधलं. लाकडाचा ओंडका, धावायला लागलं की पायांवर आपटतो. पंधरा दिवसांत तो बैल लोढणं एका बाजूला झुलवत, मान वाकडी करून, आरामात चालायला शिकला. “मग काय केलं?” मी विचारलं. “काय करणार! बाबांनी मोटेला जुंपला. संध्याकाळी दावणीला आला की आडवा. कुठला जातोय.”

दुसऱ्या दिवशी तिने भाकरीचे तुकडे जुन्या वर्तमानपत्रांच्या बोळ्यांत गुंडाळून बागेत पंचवीस ठिकाणी लपवले. बंड्याला ते सापडायला पाऊण तास लागला. नंतर तो तुळशीच्या कुंडीपाशी जो झोपला तो जेवणालाच उठला. कुत्र्याच्या शाळेत मी हे सांगितलं, तर बाई म्हणाल्या, अगदी बरोबर, याचा रीतसर कोर्स आहे आमच्याकडे. आता शनिवारी आम्ही त्याला माणसाच्या वासाचा माग काढायला शिकवतो. तासाचे पैसे पडतात. आईला रक्कम सांगितलेली नाही.

आणि सकाळी सहाला मी त्याच्याबरोबर गस्तीला जाते. दहा मीटरचा लांब पट्टा, पुढे तो, मागे मी. बेकरी, शाळेमागचे डबे, रूळ, क्लाइनगार्टन. मार्ग त्याचा, रूळ ओलांडायची वेळ माझी. सॉसेजवाल्या गृहस्थांशी ओळख झाली. त्यांनी मला दोडक्यासारखं काहीतरी दाखवलं, ती झुकिनी निघाली, पण मी पिशवीभर घेतली. आठ वर्षं या गल्लीत राहून मला जेवढी माणसं ओळखत नव्हती, तेवढी ‘बँडिटची बाई’ म्हणून ओळखतात.

पळणं थांबलं, असं म्हणणार नाही. आई गेल्यापासून दोनदा झालं, दोन्ही वेळा सकाळी पाऊस होता आणि मी गस्त बुडवली होती.

आई आता दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. तब्येत, हवा, जेवण सगळं नंतर. पहिला प्रश्न, “बंड्या घरात आहे का?” मी मोबाइल उचलते, अंगठा फिरवून त्याचं कुलूप काढते आणि बंड्याकडे वळवते. आईला वाटतं तो तिच्याकडे बघतोय, ती त्याला लाडाने हाका मारते. तो बघत असतो माझ्या अंगठ्याकडे.