रेडिएटरात ऑइल आलं, पण हेड उतरवलं नाही

रेडिएटरच्या झाकणाखाली तपकिरी मलई दिसली की गॅरेजमधून पहिला शब्द येतो तो "हेड गॅस्केट", म्हणजे सिलिंडरवरचं झाकण (हेड) आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. आमच्या दहाचाकी ट्रकच्या वेळीही तेच झालं. गाडी 2007 ची, सेकंडहँड घेतलेली. इंजिन सहा सिलिंडर, 5.9 लिटर, टर्बो, डिझेलच्या मेकॅनिकल पंपाचं. कॉम्प्युटर लावून कोड वाचायची सोयच नाही, जे काही कळायचं ते डोळ्यांनी आणि हातांनी.

लोट्याहून भरून कुंभार्ली घाट चढून गाडी रात्री कराडला आली. सकाळी थंड इंजिनावर पाणी बघायला काकांनी (आमचे ड्रायव्हर) झाकण काढलं, तर पाण्यावर बोटभर जाडीचा थर. चिकट, कॉफीवरच्या फेसासारखा. पाण्याने धुतलं तरी बोट सुटेना, शेवटी साबण लावावा लागला.

मिस्त्रींनी लांबूनच निकाल दिला. "हेड उतरवल्याबिगर कळणार न्हाई, शेठ." हेड उतरवायचं म्हणजे फेसिंग (त्याचा तळ घासून सपाट करणं), नवं गॅस्केट, व्हॉल्व्हचं काम "आता खोललंच आहे तर" म्हणून, आणि गाडी उभी. भाडं बुडतं ते वेगळंच. मी म्हटलं, मामा, आधी बाहेरून जेवढं बघता येईल तेवढं बघू.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट: कोण कुणात गेलंय? चालू इंजिनात ऑइलचा दाब तीन-चार बार असतो, तर पाण्याचा झाकणाच्या स्प्रिंगपुरता, जेमतेम एक बार. दोघांमध्ये कुठे भोक पडलं, तर गाडी चालताना ऑइलच पाण्यात घुसणार. इंजिन बंद झालं की उलटं होतं. ऑइलचा दाब लगेच शून्यावर येतो, पण गरम पाण्याचा दाब बराच वेळ टिकतो, आणि मग पाणी ऑइलमध्ये झिरपतं. म्हणून नुसता रेडिएटर बघून भागत नाही, ऑइलही बघावं लागतं.

डिपस्टिकवर ऑइल काळंच होतं, पांढरेपणा नाही. पातळी मात्र खाली गेली होती. ऑइल भरायच्या टोपणाखाली किंचित पांढरं होतं, पण पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या कुठल्याही गाडीच्या टोपणाखाली ते मिळेल, ती नुसती वाफ. तेवढ्यावरून इंजिन खोलणारे लोक मी पाहिले आहेत. गाडी रात्रभर उभी राहिली असल्याने चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) नट अगदी सावकाश ढिला केला. पाणी जड, खाली बसलेलं असलं तर आधी तेच येतं. आलं ऑइलच. मग त्यातला एक थेंब गरम लोखंडी पट्टीवर टाकला. चांगलं ऑइल नुसता धूर सोडतं, पाणी असेल तर चर्रर्र वाजतं. आमचं वाजलं, अगदी हलकंसं. म्हणजे दोन्हीकडून देवाणघेवाण चालू होती, पण जास्त ओघ ऑइलकडून पाण्याकडे.

आता संशयित मोजके. काही इंजिनांत लायनरच्या (ब्लॉकमध्ये बसवलेल्या सिलिंडरच्या वेगळ्या नळीच्या) खालच्या रबरी रिंगा जातात आणि पाणी थेट चेंबरमध्ये गळतं. आमच्या इंजिनात लायनरच नाहीत, पिस्टन ब्लॉकच्या बोअरमध्येच चालतो, तो प्रश्न मिटला. दुसरा संशय ब्रेकच्या हवेच्या कॉम्प्रेसरवर. ट्रकवाल्यांनीही याचा विचार क्वचितच केलेला असतो. त्याचं हेड इंजिनच्याच पाण्याने थंड होतं आणि त्याला ऑइलही इंजिनचंच. त्याचं पॅकिंग गेलं तर हवा पाण्यात येते, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात आणि सगळे हेड गॅस्केटला दोष देतात. आम्ही रेडिएटर गळ्यापर्यंत भरून, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं. काकांनी ब्रेक दाबदाबून टाक्यांतली हवा उतरवली, म्हणजे कॉम्प्रेसर जोर लावेल. भरताना अडकलेली हवा सुरुवातीला थोडी सुटली, मग बुडबुडा नाही. टाकी भरून व्हॉल्व्हने फुस्स केलं, तरी फरक नाही. वरचा होज पाइपही इंजिन थंड असताना मऊच राहिला. गॅस पाण्यात येत असता तर तो चालू केल्यावर लवकरच टणक झाला असता.

मिस्त्री म्हणाले, रिकाम्या गाडीत गॅस्केट खरं बोलत नाही. बरोबरच होतं त्यांचं. पण हीच गाडी भरलेली कुंभार्ली चढून आली होती, तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता, पाणीही फेकलं नव्हतं. तरीही गॅस्केट निर्दोष असं मी म्हटलं नसतं. वर रॉकरकडे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांकडे) जाणारी ऑइलची वाट गॅस्केटमधूनच जाते, तिथे फाटलं तर गॅसशिवायही ऑइल पाण्यात जाऊ शकतं. मात्र उरलेला संशयित, इंजिनच्या पाण्याने ऑइल थंड करणारा ऑइल कूलर, ब्लॉकच्या बाजूलाच आहे, ऑइल फिल्टरच्या मागे. बोल्टांची एक रांग काढली की हातात येतो. मग हेडला आधी हात कशाला लावायचा?

पाणी काढलं, फिल्टर आणि कव्हर उतरवलं, आत प्लेटांचा कूलर. त्यावर पांढरा क्षार आणि मलई यांचा लपका बसलेला. साफ केला, एका तोंडावर रबर ठेवून पट्टी आवळली, दुसऱ्या तोंडातून चार बार हवा दिली आणि टपात बुडवला. काही नाही. मिस्त्री माझ्याकडे बघून हसले. मी म्हटलं, हा इंजिनात थंड पाण्यात बसतो का? हॉटेलातून उकळतं पाणी आणून टपात ओतलं. थोड्या वेळाने तिसऱ्या प्लेटीच्या जोडाच्या कडेने बारीक बुडबुड्यांचा धागा वर यायला लागला. धातू तापून फुगल्यावरच ती फट उघडत होती. मिस्त्रींनी बोटाने जागा दाबली, धागा थांबला. बोट काढलं, पुन्हा सुरू.

मिस्त्रींचं म्हणणं, "ब्रेझिंग (पितळेचा डाग) मारून देतो." मी नाही म्हटलं. क्षाराने एक जोड खाल्ला असेल तर बाकीचेही त्याच वाटेवर आहेत. बोअरवेलचं जड पाणी आणि कूलंटचा पत्ता नाही, असं वर्षानुवर्षं चाललेलं दिसत होतं. नवा कूलर, दोन्ही पॅकिंग, फिल्टर, ऑइल.

खरा वैताग त्यानंतरचा. थर्मोस्टॅट काढून, कमी फेसाची धुण्याची पावडर गरम पाण्यात घालून इंजिन चालवायचं, पाणी सोडायचं, पुन्हा भरायचं. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत कंटाळा येतो. कुणी डिझेल घालून धुवा म्हणेल. ऐकू नका, रबराची वाट लागते. आमचे होज पाइप ऑइलने आधीच फुगून मऊ झाले होते, सगळे बदलले. रेडिएटर वेगळा काढून रॉडिंगला (नळ्यांत सळई घालून साफ करायला) दिला, कारण नळ्यांतली मलई नुसत्या पाण्याने निघत नाही.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरलं. पहिल्या लोडनंतर ऑइल पुन्हा बदललं. ऑइलमधला पाण्याचा अंश बेअरिंगला खातो, तिथे काटकसर नको. रेडिएटरमध्ये काही दिवस तेलाचा पातळ तवंग येत राहिला, तो टिश्यूने टिपून घेत होतो. तवंग रोज कमी होत असेल तर तो जुना, वाढत असेल तर पुन्हा शोधायचं. आमचा कमी होत गेला. वॉटर पंपाचं सील तेवढं किंचित ओलं दिसतंय, ते पासिंगच्या आधी करून घ्यायचं ठरवलंय.